दारातली काळी-पिवळी

मी कागदावर विश्वास ठेवणारी बाई आहे. यवतमाळच्या एका कॉलेजात लिपिक म्हणून माझी निम्मी हयात गेली. फॉर्मवर एक सही राहिली तरी मी तो परत करते आणि पोरं माझ्या खिडकीला काय नावं ठेवतात तेही मला ठाऊक आहे. त्यामुळे बाबांची जुनी गाडी भंगारात काढायची ठरली तेव्हा हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे असं मला वाटलं. कागद घरात आहेत, गाडी दारात आहे, चार सह्या केल्या की झालं. पुढचे पाच महिने माझं डोकं जे फिरलं ते अजून पुरतं जागेवर आलेलं नाही. एक मेलेली गाडी काढायच्या नादात मी एका चालत्या गाडीवर करवत ठेवायला निघाले होते, आणि त्या चालत्या गाडीवर एका म्हाताऱ्या माणसाचं अख्खं घर चालत होतं.

बाबा दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, काळी-पिवळी म्हणजे भाड्याची जीप. अंग काळं, टप पिवळा, आणि सीटा भरल्याशिवाय ती जागची हलत नाही. शेत होतंच आमचं, कपाशी आणि तुरीचं, पण बाबांचा जीव गाडीत. ती घेतली तेव्हा मी सातवीत होते. आईच्या सोन्याच्या पाटल्या तिच्यात गेल्या. "गेल्या" हा आईचाच शब्द, आणि तो ती अशा आवाजात उच्चारायची की पाटल्या टाकीत वितळवून ओतल्यात असं वाटावं.

गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा पेंटर अजून पिवळी पट्टी ओढत होता. आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. पेंटर म्हणाला, "काकू, हळद पह्यल्या पान्यात धुऊन जाते." आईनं ताट ओट्यावर ठेवलं, त्याच्या पिवळ्या ऑइलपेंटच्या डब्यात उजवा हात मनगटापर्यंत बुडवला आणि ड्रायव्हरच्या दाराला आतल्या बाजूनं पंजा उमटवला. बाबा बघतच राहिले. चार दिवस आईच्या हाताला घासलेटचा वास येत होता, आणि भाकरीलाही.

बाबांचे एकच दोस्त, ते चाचा. मूळचे मेकॅनिक. त्यांनी त्याच आठवड्यात तशीच काळी-पिवळी घेतली. फरक एवढाच की त्यांच्या काचेवर चांदतारा होता, वर हिरवी झालर होती, आणि टपाच्या कडेनं त्यांनी स्वतःच्या हातानं वेलबुट्टी काढली होती. दोघांच्या गाड्या स्टँडवर एकामागे एक लागायच्या. आम्ही चाचांच्या गाडीत बसलो तर ते भाडं घ्यायला तयार नसत, आणि आई दिल्याशिवाय उतरत नसे. नोटेची घडी करून ती त्यांच्या खिशात कोंबायची. "दोस्ती तुमची त्याईच्याशी, भाई. गाडी तं तुमची हाये," असं म्हणायची. हे भांडण वर्षानुवर्षं, दर फेरीला, नेमानं चालायचं.

अजून एक गोष्ट मला लहानपणची आठवते. दरसाल गाडीचं पासिंग असायचं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालायच्या लायकीची आहे असा सरकारी दाखला. त्या अर्जाला चेसिसच्या नंबराचा छाप लावावा लागे. चेसिस म्हणजे गाडीखालचा लोखंडी सांगाडा. त्याच्यावर नंबर ठोकलेला असतो. त्या नंबरावर पतंगाचा पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. गंमत अशी की या कामाला बाबा चाचांच्या गाडीखाली झोपायचे आणि चाचा आमच्या. मी एकदा विचारलं, असं का? बाबा म्हणाले, "आपली पाठ आपल्याले खाजवता येते काय?" मला ते पटलं. लहानपणी किती काय काय पटतं.

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. गाडी त्यांच्या आधी दोन वर्षं बंद पडली होती. ती तेव्हापासून घरासमोर, हिवराच्या झाडाखाली उभी. टायर जमिनीत रुतले, काचा धुरकटल्या. आई तिच्यात गोवऱ्या, तुरीच्या काड्या, पापडाचे डबे असं काय काय ठेवायची. मात्र दिवाळीच्या आधी चाचा नेमानं यायचे, आमच्या मेलेल्या गाडीखाली शिरायचे, घटकाभर झोपून बाहेर यायचे, हात पुसायचे आणि चहा पिऊन जायचे. आई मला फोनवर सांगायची, "भाईयचा जीव हाये आपल्या गाडीत. दोस्त गेला, पन साफसफाई सोडली नाही." माझे डोळे भरून यायचे.

गेल्या श्रावणात मागच्या सीटखालून मण्यार निघाली. आईचा हात डब्यावर होता आणि मण्यार हातभर अंतरावर. आई दारव्ह्याला एकटी राहते. मी त्याच दिवशी ठरवलं, गाडी काढायची. आईनं तोंड वाकडं केलं, पण साप तिनंही पाहिला होता.

आता पूर्वीसारखं भंगारवाल्याला हाक मारून चालत नाही. सरकारमान्य केंद्राकडे गाडी द्यायची, ते चेसिसचा नंबर असलेला तुकडा कापून देतात, दाखला देतात, मग नोंदणी रद्द होते. मला हे फार आवडलं. वारसाचा दाखला काढला, झेरॉक्स केल्या, फाइल केली, कॉम्प्युटरवर बसले. त्यानं गाडीचा नंबर विचारला, मी दिला. मग तो म्हणाला, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. नोंदवलेला मोबाइल बाबांचा. तो तर केव्हाच बंद झाला होता. तरी वेड्यासारखा मी तो नंबर फिरवला आणि पलीकडे रिंग वाजली. 

"हॅलो, कोन बोलून राह्यलं?" अनोळखी पुरुषाचा आवाज.

मी म्हटलं, "तुमच्या मोबाइलवर आत्ता एक ओटीपी आला असेल."

"आला. पन देत नाही. बँकवाले सांगतेत, कोनाले देऊ नका."

"अहो, हा नंबर आधी माझ्या बाबांचा होता."

"असन. आता माहा हाये. मी मारेगावचा हावो."

"मला बाबांची गाडी भंगारात काढायची आहे."

"मंग त्याईले इचारा नं."

"ते नाहीत," मी म्हटलं.

 त्याच्या मागं कापसाचा काटा चालू असावा, कोणी तरी वजनं ओरडत होतं. मग तो म्हणाला, "लिहा." एकेक आकडा त्यानं दोनदा सांगितला. शेवटी विचारलं, "गाडी कोनती होती?" मी सांगितलं, दारव्ह्याची काळी-पिवळी. "मंग बसलो असन मी कधी," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर पाच महिने सरकारचा प्रत्येक मेसेज त्याच्याकडे जात राहिला आणि तो इमानदारीनं मला वाचून दाखवत राहिला.

इथवर सगळं ठीक होतं. गोंधळ चाचांपासून सुरू झाला. गाडी ओढून न्यायच्या आधी तिचं जॅम झालेलं चाक सोडवायला हवं होतं, आणि ते चाचांशिवाय कोण करणार. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आठ दिवस थांब, लोखंडाचा भाव पडला आहे. मी म्हटलं, मला भावाशी देणंघेणं नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाले, गाडीत चिमणीनं घरटं केलं आहे. मी जाऊन पाहिलं, घरटं होतं, पण चिमणी नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाले, अमावस्या आहे. माझ्यासाठी अमावस्या बघणारे चाचा मी पहिल्यांदाच पाहिले. मनात शंकेची पाल चुकचुकली आणि नंतर मला राग आला. स्वतः चालती गाडी रोज हाकतात आणि माझ्या आईच्या दारात साप पोसायचे, असा. मी केंद्राला परस्पर फोन केला आणि त्यांचा माणूस बोलावला.

तो माणूस पन्नाशीचा होता, खिशाला दोन पेनं. आल्या आल्या तारेचा ब्रश घेऊन गाडीच्या पुढच्या चाकाजवळ बसला, वरवरचा गंज खरवडला, पुसलं आणि आकडे वाचू लागला. मी आरसी बुक हातात धरून उभी. पहिलं अक्षर जुळलं. नंतरचं काहीच जुळेना. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचलं. मी म्हटलं, सावकाश वाचा. तिसऱ्यांदा तो माझ्याकडे बघत वाचू लागला, कारण आकडे त्याचे पाठ झाले होते. मग त्यानं बॉनेट उघडून इंजिनाचा नंबर पाहिला. तोही जुळला नाही.

"मॅडम, कागद एका गाडीचा, गाडी दुसरी. ही गाडी तुमची नाही."

आई ओट्यावरून म्हणाली, "काय बोलून राह्यला हा? माहा पंजा हाये त्याच्यात."

त्यानं दार उघडून पंजा पाहिला. पंजा होताच, पिवळा, पाचही बोटांनिशी.  मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "चोरीची असली तं लफडं होईन. नाही तं असं करू, गुपचूप कापतो, कागद जमवून देतो. कोन पाह्यते?" मी त्याला परत पाठवलं. मी खिडकीत बसून आयुष्यभर इतरांचे फॉर्म परत केलेत, माझ्या फॉर्मला मी कशी सूट देणार? पण बाबांनी चोरीची गाडी चालवली? ज्या माणसानं सवारीची विसरलेली छत्री तीन गावं विचारत परत केली, त्यानं? मी ओट्यावर बसून पंजा बघत राहिले. दार आमचं. पंजा आमचा. मग खालचं लोखंड कोणाचं?

आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "भाई इथं असते तं त्याईनंच सांगतलं असतं. थे तं दरसाली झोपतेत या गाडीखाली." आणि मला पतंगाचा कागद आठवला.

मी कप खाली ठेवला आणि सरळ स्टँडवर गेले. चाचांची गाडी नंबरला लागली होती, निम्मी भरलेली. चाचा समोरच्या टपरीवर होते. मला पाहून उठले.  ओढणी कमरेला बांधली, मोबाइलची बत्ती लावली, आरसी बुक दातात धरलं आणि सगळ्या स्टँडसमोर त्यांच्या गाडीखाली शिरले. पन्नाशीला आलेली बाई गाडीखाली शिरली की लोक काय म्हणतात हे मला आता माहीत आहे. नंबरावरचा वाळलेला चिखल मी अंगठ्यानं पुसला. पहिलं अक्षर जुळलं. दुसरं जुळलं. शेवटपर्यंत सगळे आकडे जुळले. कागदावरची बाबांची गाडी माझ्या डोक्यावर उभी होती, आणि तिच्यात पाच सवाऱ्या बसून शेंगा खात होत्या.

मी बाहेर आले तेव्हा चाचा खाली मान घालून उभे होते. म्हणाले, "चल बेटी, चहा पिऊ."

टपरीमागच्या बाकावर त्यांनी सांगितलं. मी नववीत होते त्या वर्षी बोरी गावाच्या पुढं त्यांची गाडी खड्ड्यात आदळली आणि चेसिस चिरली. वेल्डिंग झाली, पण वेल्डिंगच्या सांगाड्यावर रोज दहा-दहा सवाऱ्या ओढणं म्हणजे जिवाशी खेळ. बारा दिवसांवर त्यांच्या बहिणीचं लग्न, आणि सीझन सगळा पुढं पडलेला.

"तुहा बाप म्हनला, खालचं माहं घे. मले शेत हाये, मी बाजाराच्या दिवशीच चालवीन. तुह्यावालं मले दे."

मी म्हटलं, "मग सरळ गाड्या बदलायच्या. हा कसला घोळ?"

"अन् भाभीचा पंजा?" चाचा म्हणाले. "दुसरी गाडी दारात पाह्यली असती तं तिनं त्याले घरात घेतलं असतं काय? पाटल्या तिच्या. म्हनून दोघायनं मिळून दोन्ही गाड्यायचं वरचं खोकं उचललं अन् अदलाबदल केलं. नंबर पाटी खोक्यासंगं गेली. दोन दिवस लागले. तुह्या आईले सांगतलं, गिअरबॉक्सचं काम हाये."

म्हणजे हे सगळं आईच्या धाकानं. चांगली गाडी दोस्ताला दिली, चिरलेली स्वतः घेतली, आणि बायकोला कळू नये म्हणून खोकं तेवढं आपलं ठेवलं. आमची गाडी लवकर का मेली आणि त्यांची अजून का धावते, आणि चाचा दर दिवाळीला आमच्या मेलेल्या गाडीखाली साफसफाईला नव्हे, आपल्या कागदावरच्या नंबराचा छाप घ्यायला शिरायचे, हेही मला त्या बाकावर कळलं. मला संताप आला. कोणाचा, ते ठरवता येईना. बाबांचा म्हणावं तर ते जिथं असतील तिथं माझ्या संतापाला हसत असणार.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"त्यानं मले कसम घातलती, भाभीले कळू देऊ नको. इतकी सालं नाई सांगतलं, तुले कसं सांगू? आता तू थे गाडी कापली तं माह्या नंबराची गाडीच राहत नाई. अन् तुहा कागद रद्द झाला तं मी चालवून राह्यलो थे गाडी कागदावर मेली. कोनी पकडली तं जप्त." त्यांनी कप बशीत पालथा घातला. "घरात बायको बिमार, पोरगी माघारी आली. मी काय करू, थे सांग."

मी त्या दिवशी यवतमाळला परतताना कागदावर दोन चौकोन काढले, वर-खाली बाण काढले, आणि शेवटी मला वाट दिसली. कायदा खोक्याला ओळखत नाही, चेसिसला ओळखतो. म्हणजे चाचा चालवतात ती गाडी आमची. ती रीतसर त्यांच्या नावावर करून द्यायची. आणि आमच्या दारातली कायद्यानं त्यांची. ती त्यांनी स्वतःच्या सहीनं भंगारात काढायची. वाट सोपी होती. फक्त वारस म्हणून माझ्याबरोबर आईची सही लागणार होती. आणि आईला सांगावं लागणार होतं.

रविवारी चाचा गाडी घेऊनच आले. आमच्या गाडीशेजारी उभी केली. दोन्ही काळ्या-पिवळ्या कित्येक वर्षांनी एकमेकींना लागून उभ्या होत्या. त्यांनी आईला उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "भाभी, कागदानं हे गाडी तुमची हाये. तुमी नाई म्हनसान तं मी पैदल जातो." आणि खरंच पायी निघून गेले.

आईनं आधी किल्लीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "मंग हे दारातली कोनाची?"

"चाचांची."

"अन् पंजा?"

"पंजा तुझा."

"म्हनजे माहा पंजा परायाच्या गाडीत."  आई उठली, मेलेल्या गाडीपाशी गेली आणि तिच्या बॉनेटकडे बघून, माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "पाटल्या माह्या, गाडी माही, अन् ठरवलं दोघायनं. मले इचारलं नाही." तिचा आवाज फाटला होता. मी तिला बाबा गेल्यानंतर इतकं दुखावलेलं पाहिलं नव्हतं. ती आत गेली आणि देवघरासमोर न बसता चुलीसमोर बसली.

किल्ली दोन दिवस ओट्यावर पडून होती. मी रजा टाकून राहिले. मी किल्ली उचलायला गेले की आई म्हणायची, "राहू दे." झाडताना ती किल्लीच्या भोवतीनं झाडायची. मी एकदा म्हटलं, आई, चाचांचं घर त्या गाडीवर चालतं. ती म्हणाली, "मले म्हायीत हाये." दुसऱ्यांदा म्हटलं, बाबांनी चांगलंच केलं ना? ती म्हणाली, "मी वाईट म्हनलं काय?" मग मी नाद सोडला. माझ्याकडे सगळे फॉर्म भरून तयार होते, खूण केलेल्या जागी सही तेवढी हवी होती, आणि मला पहिल्यांदाच असं वाटलं की फॉर्ममध्ये जे विचारलेलंच नाही ते कुठं लिहायचं असतं?

तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. सकाळीच एक म्हातारी डोक्यावर वांग्याचं टोपलं घेऊन आमच्या फाटकापाशी आली. तिला कोणी तरी सांगितलं होतं की चाचांची गाडी इथं उभी आहे. सरळ जाऊन मागच्या सीटवर बसली आणि टोपलं मांडीवर घेतलं. तिच्या मागून अजून दोघी आल्या. आई ओट्यावरून बघत होती. म्हातारी म्हणाली, "भरली की निंघन नं, बाई?"

आईनं पदर खोचला, किल्ली उचलली आणि चपला घालून चाचांच्या घराकडे चालू लागली. मी मागं मागं. चाचा दारात खाटेवर बसले होते. आईनं किल्ली त्यांच्यापुढं धरली.

"बाजाराच्या दिवशी गाडी उभी ठेवता काय, भाई? लोक ताटकळून राह्यले."

चाचांनी किल्ली घेतली.  आई तोवर वळली होती. घरी येऊन तिनं सही केली. ती पूर्ण नाव लिहिते, बाबांच्या नावासकट, आणि बाबांच्या नावापाशी तिचं पेन थोडं थांबलं.

पुढं सगळं कागदाच्या गतीनं झालं, म्हणजे हळूहळू. एके दिवशी मारेगावहून फोन आला, "ताई, मेसेज आला. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली म्हनते. इकली काय?" मी म्हटलं, नाही. "मंग दिली?" मी म्हटलं, आधीच दिलेली होती, आता कागदावर आली. तो म्हणाला, "मले समजलं नाही." मी म्हटलं, मलाही नीट समजलेलं नाही, पण तुमचे उपकार आहेत. तो म्हणाला, त्यात कायचे उपकार, आणि आता मेसेज येणार नाहीत म्हणून थोडा हिरमुसला.

दारातली गाडी नेली त्याच्या आदल्या दिवशी चाचा पाने-पक्कड घेऊन आले. पंजाचं दार सोडवून आपल्या गाडीला बसवतो म्हणाले. मॉडेल एकच, बिजागरी जुळते. मला तर ती कल्पना फार आवडली. आई म्हणाली, "कायले? तुमच्या गाडीचं दार चांगलं हाये." झालं. दुसऱ्या दिवशी पंजा, घरटं, गंज, सगळं क्रेनवर चढून गेलं. खाली राहिलेल्या चौकोनात गवत उगवलेलं नव्हतं. आईनं तिथं सडा टाकला.

चाचांना आपली जुनी पाटी काढून बाबांच्या नंबराची लावावी लागली. स्टँडवर कोणी गाडीचा नंबर विचारला तर ते जुनाच सांगायचे, मग जीभ चावायचे. मला वाटलं होतं, ती पाटी धावताना पाहून मला बरं वाटेल. प्रत्यक्षात मला काय वाटलं ते सांगता येत नाही. काचेवर चांदतारा, वर हिरवी झालर, आणि खाली माझ्या बापाचा नंबर. ही बाबांची गाडी की चाचांची, हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला की शेवटी दोन्ही उत्तरं सारखीच वाटू लागली.

गेल्या महिन्यात आईचे डोळे दाखवायला तिला यवतमाळला आणायचं होतं. आम्ही स्टँडवर गेलो. चाचांनी पुढची सीट झटकून दिली. आई बसली. कधी नव्हे ते तिनं बसल्यावर खाली, पायांकडे पाहिलं आणि चप्पल काढून पाय गाडीच्या पत्र्यावर टेकवले. गाडी भरेपर्यंत ती तशीच बसून होती.  बोरीच्या पुढं चाचांनी वेग कमी केला, खड्डा आता बुजलेला आहे तरी.

यवतमाळला सगळे उतरले. चाचा दारापाशी उभे राहून एकेकाकडून भाडं घेत होते. मी सवयीनं वाट पाहत होते की आता आई नोटेची घडी काढेल, चाचा हात मागं घेतील आणि दोघांचं ते जुनं भांडण सुरू होईल. आईनं चपला घातल्या, खाली उतरली, पदर सारखा केला आणि चालू लागली. चाचा बघतच राहिले. मी घाईनं पर्स उघडली. आईनं मागं न बघता माझं मनगट धरलं.

"आपल्या गाडीत कोनी भाडं देते काय?" ती म्हणाली.